‘सोबत कोण?’ असा एक रकाना ठेवा

प्रति,
मा. अध्यक्ष,
पुढचा चौकशी आयोग (अद्याप नेमलेला नाही)

प्रत माहितीसाठी : महिला व बालविकास विभाग, मंत्रालय, जिल्हाधिकारी, कोल्हापूर

विषय : अत्याचार सोसलेल्या साक्षीदारांच्या सोबतीची सोय पहिली नोटीस निघण्याआधी करण्याबाबत

महोदय / महोदया,

तुमची नेमणूक अजून झालेली नाही, त्यामुळे तुमचं नाव मला माहीत नाही. तरी आत्ताच लिहिते आहे, कारण एकदा शासन निर्णय निघाला की सगळं फार भराभर होतं. मुदत ठरते, गाडी मिळते, कार्यालयाला जागा शोधतात, टायपिस्ट दुसऱ्या खात्याकडून उसने घेतात, आणि लोकांना नोटिसा जायला लागतात. साक्षीला येणाऱ्या माणसाचा विचार या धावपळीत कितीसा होतो, ते मी एकदा जवळून पाहिलं आहे.

मी प्राथमिक शिक्षिका होते. आता निवृत्त आहे, कोल्हापुरात राहते. सात-आठ वर्षांपूर्वी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीसोबत मी एका चौकशी समितीपुढे गेले होते. तिचं नाव, गाव, तालुका लिहिणार नाही. समिती कोणाची होती, शाळा कुठली होती, हेही सोडून देऊ. समितीतल्या माणसांवर माझा राग नाही. त्यातल्या दोघांना तर मी चांगलीच माणसं म्हणेन, आणि म्हणूनच हे पत्र जास्त गरजेचं वाटतं.

चौथीला ती माझ्या वर्गात होती. तीसपर्यंत पाढे तोंडपाठ, अक्षर असं की फळ्यावर सुविचार लिहायला मी तिलाच सांगायचे. वडील मजुरीला जायचे. मीच त्यांना म्हटलं, “पोरगी हुशार आहे, वसतिगृहात घाला, शिकेल.” वसतिगृहांचं कौतुक कोल्हापूरकराला वेगळं सांगावं लागत नाही. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग काढलं आणि मग एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. दसरा चौकातून चालत गेलात तर त्यांच्या पाट्या आजही वाचता येतात. खेड्यातल्या किती पोरांना त्या इमारतींनी वर काढलं! त्याच विश्वासावर मी त्या बापाला शब्द दिला. ती ज्या निवासी शाळेत गेली तिथं तिच्यावर काय गुदरलं, ते मला वीस वर्षांनी कळलं. म्हणून मी सोबत गेले. तिच्यावर उपकार करायला गेले नव्हते.

नोटीस पोलीस पाटलांच्या हातून आली. भर दुपारी, सासरच्या अंगणात, सासू धान्य पाखडत बसली असताना. पाकीट उघडंच होतं. पाटील भला माणूस, पण पोच घेताना त्यांनी विषय मोठ्यानं वाचला. सासूनं विचारलं, “कसला कागद आलाय गं?” ती म्हणाली, “शाळंच्या दाखल्याचं हाय.” रात्री तिनं मला फोन केला. “बाई, जातो म्हटलं तर घरात काय सांगू? न्हाई जात म्हटलं तर बाकीच्या पोरींचं काय?” हे दोन प्रश्न विचारायला तिला माझ्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं. नोटिशीवर सही होती, शिक्का होता, जावक क्रमांक होता. ‘काही शंका असल्यास’ म्हणून एखादा फोन नंबर तेवढा नव्हता.

वेळ अकराची दिलेली. आम्ही साडेदहाला पोचलो. पहिल्या मजल्यावर अरुंद व्हरांडा, त्यात समोरासमोर दोन बाकडी. अर्ध्या तासानं समोरच्या बाकड्यावर त्या शाळेचा जुना क्लार्क येऊन बसला, फायलींची पिशवी मांडीवर घेऊन, सोबत वकील. तिच्याकडं बघून म्हणाला, “काय गं, ओळखलंस का?” एवढंच. आवाजात धमकी नव्हती, उलट गावाकडचा माणूस भेटल्यावर बोलावं तसा सूर होता. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली आणि पुढचे पाच तास ते चालूच राहिलं. चार वाजून गेल्यावर शिपायानं दारात येऊन तिचं माहेरचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट आणि शाळेच्या नावासकट, पुकारलं. जिन्यावर उभे असलेलेसुद्धा वळून बघायला लागले.

मला आत सोडलं नाही. “सोबतच्या बाईंनी बाहेर थांबायचं.”

आत काय झालं ते तिनं पुढं तुकड्यातुकड्यानं सांगितलं. आमच्याकडच्या बायका ‘मी जातो, मी येतो’ असंच बोलतात, तुम्ही पुण्या-मुंबईचे असलात तर गंमत वाटेल. ती तशीच बोलत होती. साहेब ऐकायचे, मग टायपिस्टला स्वतःच्या भाषेत सांगायचे. ती म्हणाली, “मी रोज रात्री पेटी सरकवून दाराला लावत हुतो.” कागदावर आलं, ‘सदर साक्षीदार सांगते की, तिला असुरक्षित वाटत असे.’ पेटी गेली. कोणत्या मुलीच्या अंगात किती बळ असतं आणि लोखंडी पेटी किती जड असते, हे त्या वाक्यात कुठंच उरलं नाही. एका ठिकाणी टायपिस्ट पोरगीच थांबली, तिला पुढं टाइप करवेना. साहेब म्हणाले, “चला मॅडम, पुढं.” त्या टायपिस्टचाही विचार करा, असं मी इथंच लिहून ठेवते; नंतर विसरायला होईल.

साडेपाचला ती बाहेर आली. “झालं, या तुम्ही,” एवढंच तिला कोणीतरी म्हणालं. मी तिला मध्यवर्ती बस स्थानकावर आणलं, चहा घेतला, तो तसाच निवला. तिची गाडी निघून गेली होती, पुढची आठची. तासभर ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “बाई, सही वाकडी आली. परत जाऊन करून देऊ का?”

त्यानंतर तिचे अकरा दिवस कामावर खाडे पडले. समितीकडून फोन नाही, पत्र नाही. आणि मग बऱ्याच महिन्यांनी एका सकाळी पेपरात बातमी आली. नाव नव्हतं, पण वर्ष, वर्ग आणि वडिलांचा धंदा होता. गावाला तेवढं पुरलं. अहवाल सादर झाला हे तिला गावातल्या किराणा दुकानात कळलं.

आता कायद्याचं बोलते. मी वकील नाही, पण शिक्षिकेला वाचायची खोड असते.

तुमचा आयोग बहुधा १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखाली नेमला जाईल. त्यातलं कलम ८ब मी दोनदा वाचलं. ज्याच्या वागणुकीची चौकशी व्हायची आहे, किंवा ज्याच्या अब्रूला चौकशीनं धक्का लागण्याचा संभव आहे, त्याला आपली बाजू मांडायची रास्त संधी दिलीच पाहिजे, असं ते कलम म्हणतं. पुढच्या ८क मध्ये त्याला उलटतपासणीचा आणि वकील देण्याचा हक्क आहे. योग्यच आहे, अब्रू सगळ्यांना असते. पण जिनं सोसलं आणि जी साक्ष द्यायला आली आहे, तिला वकील हवा असेल तर त्याच कलमाप्रमाणे आयोगाची परवानगी लागते. म्हणजे क्लार्कसोबतचा वकील हक्कानं बसणार आणि हिच्यासोबतचा तुमच्या मर्जीनं. कायदा बदलणं तुमच्या हातात नाही. परवानगी देणं आहे. पहिल्याच बैठकीत सरसकट हुकूम काढा की, अत्याचार सोसलेल्या प्रत्येक साक्षीदाराला वकिलाची आणि सोबतीच्या माणसाची परवानगी दिली आहे, अर्ज करण्याची गरज नाही. स्त्रियांना आणि मुलांना विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हे आपल्या बायकांना कोणी सांगत नाही, ते नोटिशीतच छापा.

सोबत ही कल्पना आपल्या कायद्याला अनोळखी आहे, असंही नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखालच्या २०२० च्या नियमांत मुलासाठी सहायक व्यक्ती नेमायची तरतूद आहे. पोलीस ठाण्यापासून निकालापर्यंत तिनं मुलाबरोबर राहायचं असतं. त्याच कायद्यात मुलाचा जबाब घेणारे पोलीस गणवेशात नसावेत, मुलाला पुन्हा पुन्हा कोर्टात बोलावू नये, आरोपी त्याच्या नजरेसमोर येऊ नये, असं सगळं नीट लिहून ठेवलं आहे. सर्वोच्च न्यायालयानं तर ११ जानेवारी २०२२ ला आपल्याच महाराष्ट्रातून गेलेल्या प्रकरणात सांगितलं की, असुरक्षित साक्षीदार म्हणजे फक्त लहान मुलं नव्हेत, लैंगिक अत्याचार सोसलेलं कोणत्याही वयाचं माणूस त्यात येतं, आणि अशा साक्षीसाठी जिल्ह्याजिल्ह्यात वेगळी केंद्रं हवीत. हे सगळं आहे खटल्यासाठी. माझी विद्यार्थिनी तिशी ओलांडलेली होती आणि समोर खटला नव्हता, चौकशी होती. त्यामुळे यातलं काहीच तिच्या वाट्याला आलं नाही. अत्याचार सोसलेल्यांना सरकारी मदत देणाऱ्या मनोधैर्य योजनेचं विचारलं तर पहिला प्रश्न, “एफआयआर आहे का?”

कोर्टाच्या इमारतीतलं ते केंद्र चौकशीला वापरायला द्या, अशी विनंती तुम्ही करू शकता. आता ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही कोल्हापुरात आलं आहे. सहा जिल्ह्यांच्या माणसांची मुंबईची वारी वाचली. तुमचा आयोगही कोल्हापुरात बसावा, मुंबईला बोलवू नये, ही माझी आपली एक जादा मागणी समजा.

दुसऱ्या देशांत हे कसं केलं, तेही थोडं वाचलं. ऑस्ट्रेलियात २०१३ ते २०१७ अशी पाच वर्षं संस्थांमधल्या बाल लैंगिक अत्याचारांची चौकशी चालली. जाहीर सुनावण्या होत्याच, पण त्याशिवाय आठ हजारांहून जास्त माणसांशी आयुक्त स्वतः एकांतात बोलले. उलटतपासणी नाही, वकिलांची गर्दी नाही. तुरुंगातल्या कैद्यांकडे तर आयुक्त स्वतः गेले. बोलण्याआधी, बोलताना आणि नंतर समुपदेशक होते, आणि गावोगावच्या आधार संस्थांना सरकारनं त्याच कामासाठी वेगळा पैसा दिला होता. त्यांच्या अहवालात एक आकडा आहे, तो वाचून मी चष्मा काढून ठेवला होता. झालेली गोष्ट पहिल्यांदा कोणाला तरी सांगायला या माणसांना सरासरी जवळपास २४ वर्षं लागली. माझ्या विद्यार्थिनीला वीस. म्हणजे ती लवकरच बोलली म्हणायची.

इंग्लंड-वेल्समधली अशीच चौकशी २०१५ ते २०२२ चालली. तिची सुरुवात वाईट झाली. एकामागून एक तीन अध्यक्ष गेले. पहिल्या दोघींवर तर पीडितांचा भरवसाच बसला नाही, कारण ज्यांची चौकशी व्हायची त्या मोठ्या लोकांशी त्यांचे लागेबांधे असल्याची ओरड झाली. पण नंतर त्यांनी ‘ट्रुथ प्रोजेक्ट’ नावाची एक वेगळी सोय केली. तिथं माणूस येऊन आपली हकिकत सांगू शके, कोणी त्याला खरं-खोटं ठरवायला बसत नसे. सोबतीचा कार्यकर्ता आधी फोन करी, त्या दिवशी भेटे, आणि नंतर पुन्हा फोन करी. सहा हजारांवर माणसांनी तिथं आपली हकिकत सांगितली, कोणी समोर बसून, कोणी लिहून. “नंतर पुन्हा फोन करी” याला किती खर्च येत असेल हो?

आणि आपल्याच देशातलं केरळ. न्यायमूर्ती हेमा समिती २०१७ मध्ये नेमली, तिनं डिसेंबर २०१९ मध्ये अहवाल दिला आणि तो लोकांपुढे आला ऑगस्ट २०२४ मध्ये, काही भाग झाकून. सिनेमात काम करणाऱ्या बायका समितीपुढे भरवशानं, गुप्ततेच्या अटीवर बोलल्या होत्या. अहवाल बाहेर आल्यावर त्याच निवेदनांवरून पोलीस तपास सुरू झाला, आणि त्यांतल्या बऱ्याचजणी पोलिसांपुढे जबाब द्यायला तयार नव्हत्या. गुन्हा नोंदवणं चूक, असं मी म्हणत नाही. मूल अजून लहान असेल तर पॉक्सोप्रमाणे गोष्ट कळलेल्या कोणालाही ती पोलिसांना कळवावीच लागते, तिथं तुमचेही हात बांधलेले आहेत. माझं म्हणणं एवढंच की, तोंड उघडण्याआधी माणसाला हे सांगा. तुझ्या बोलण्यातलं काय आमच्याकडे राहील, काय पोलिसांकडे जाईल, काय छापलं जाईल, नाव झाकलं तरी वडिलांचा धंदा झाकला जाईल का. साध्या मराठीत, तोंडी, आणि ते सांगणारं माणूस घाईत नसलेलं हवं.

मुलग्यांचं राहिलं. माझ्या विद्यार्थिनीच्या वेळी दोन पुरुषही साक्षीला यायचे होते, त्याच शाळेचे. एकजण जिन्यापर्यंत येऊन परत गेला. १८१ हेल्पलाइन बायकांची, सखी केंद्र बायकांचं, १०९८ मुलांची. चाळिशीचा, मिशा असलेला, तालमीत गेलेला माणूस कुठं जाऊन सांगणार की, आठवीत असताना माझ्यावर असं झालं? तालमींच्या या गावात तर हे आणखीच अवघड. १४४१६ वर टेलिमानस या मानसिक आधाराच्या सरकारी हेल्पलाइनला कोणीही फोन करू शकतं, हे मला फार उशिरा कळलं. तुमच्या सोबतीच्या माणसांत पुरुषही घ्या, आणि कोण हवं ते साक्षीदाराला निवडू द्या.

एक आक्षेप येणार, तो मला ठाऊक आहे. वकील म्हणतील, सोबतीच्या माणसानं साक्षीदाराला पढवलं. मग नियम करा की, जबाबात काय सांगायचं याविषयी त्यानं चकार शब्द काढायचा नाही. गाडी कुठून सुटते, खोलीत कोण कोण असेल, मध्येच थांबावंसं वाटलं तर काय म्हणायचं, पाणी कुठं आहे, घरी काय सांगायचं, संध्याकाळी कोण फोन करील, एवढंच त्यानं बोलायचं. माझ्या विद्यार्थिनीला त्या दिवशी एवढंच हवं होतं, आणि मला ते नीट देता आलं नाही, कारण खोलीत कोण कोण असेल हे मलाही माहीत नव्हतं. शाळेतल्या बाईच्या जिव्हाळ्यानं हे काम होत नाही. त्याला शिकलेलं माणूस लागतं, पगारावर. अंगणवाडी सेविकेच्या किंवा आशाताईच्या गळ्यात आणखी एक रजिस्टर अडकवून भागवू नका. त्या त्याच गावात राहतात, हे तर आणखी वाईट.

आणि ते माणूस शेवटपर्यंत एकच राहू द्या. नोटिशीच्या आधी फोन करणारं, त्या दिवशी फाटकात भेटणारं आणि अहवाल छापून येण्याच्या आदल्या दिवशी, “उद्या पेपरात येणार आहे, घरी कोण आहे?” असं विचारणारं, एकच. दर वेळी नवा आवाज आला की पहिल्यापासून सांगावं लागतं. अहवाल हाती आल्यापासून सहा महिन्यांत सरकारनं तो कृती अहवालासह विधिमंडळापुढे ठेवायचा असतो. त्या दिवशी आयोग संपलेला असतो, कार्यालयाला कुलूप असतं, गाडी परत गेलेली असते. सोबतीच्या माणसाचा करार मात्र त्यानंतर वर्षभर तरी चालू हवा. तेवढी तरतूद नेमणुकीच्या शासन निर्णयातच घालून घ्या. नंतर मागायला गेलात तर वित्त विभाग काय म्हणेल, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

नोटीस कशी पाठवायची तेही साक्षीदाराला विचारा. एखादी म्हणेल माहेरी पाठवा, एखादी म्हणेल कामाच्या ठिकाणी जेवणाच्या सुट्टीत फोन करा. पोलीस पाटलांना त्रास नको. पुकारा नको, क्रमांक द्या. त्या संस्थेच्या माणसांना दुसरा दिवस किंवा निदान दुसरा जिना द्या. अकराची वेळ दिली तर अकराला बोलवा. दिवसाचा खाडा आणि गाडीभाडं त्याच दिवशी हातात द्या, अर्ज भरायला लावू नका. जबाब तिच्या शब्दांत उतरवा, ‘हुतो’ला ‘हुतो’च राहू द्या, वाचून दाखवा, आणि एक प्रत तिला द्या. तिला घरी ठेवायची भीती वाटली तर सांभाळायची सोयही तुम्हीच करा.

१९१९ मध्ये, बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कोल्हापूर संस्थानानं कायदा केला होता. त्या वेळी ब्रिटिश मुलखातही असं काही नव्हतं, असं आम्ही पोरांना अभिमानानं शिकवायचो. शिकवताना माझ्या मनात कधी आलं नाही की, एखाद्या बाईनं त्या कायद्याखाली तक्रार केलीच असेल तर ती कचेरीत एकटी कशी गेली असेल आणि संध्याकाळी कोणत्या घरी परतली असेल.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला होता. तिची मुलगी यंदा चौथीत आहे, हुशार आहे. शाळेतल्या बाईंनी वसतिगृहाचं सुचवलं म्हणून विचारत होती. मग सहज म्हणाली, “बाई, माझा तो जबाब आता कुठं असंल? कुणी वाचत असंल का?” मी त्या कार्यालयात तीन चकरा मारल्या. फाइल ‘वर’ गेली आहे, एवढंच कळलं. तिला अजून उलटा फोन केलेला नाही.

आपली,
सोबत आलेली बाई
कोल्हापूर

ता. क. : सुनावणीच्या तारखा लावताना चैत्र पौर्णिमेचा आठवडा टाळा. जोतिबाच्या यात्रेला सगळ्या गाड्या वाडी रत्नागिरीकडं लागलेल्या असतात. खेड्यातून येणारी बाई पोचेल, पण संध्याकाळी तिला परतायला एसटी मिळणार नाही.